दिवसाची आणेवारी

बैठक

कुठेही बसा. जमिनीवर बसणं जमत असेल तर मांडी घालून बसा. शर्यतीनंतर मांड्या अजून भरलेल्या असतील तर खुर्चीवर बसा आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवा. मनगटावरचं घड्याळ काढून पालथं ठेवा. थोडा वेळ त्याची काच दिसायला नको.

हे मनन ज्यांच्यासाठी आहे, ते बहुधा गेले काही दिवस जरा गप्प असतील. महिनोन्महिने पहाटे उठून तयारी केली, एक वेळ मनाशी धरली, आणि नेमक्या त्या दिवशी हवा फिरली. कुणाच्या वाट्याला उकाडा आला, कुणाच्या वाट्याला पाऊस, कुणाच्या वाट्याला समोरून अंगावर येणारा वारा. शर्यत पूर्ण झाली, गळ्यात पदक पडलं, पण धरलेली वेळ हुकली. घरचे म्हणतात, "पूर्ण केलीस ना, मग झालं तर." त्यांची माया खरी असते. तरी सल जात नाही, कारण पूर्ण करायचं एवढंच आपण ठरवलेलं नव्हतं.

आपल्याकडे श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगतात. त्यातल्या मधल्या पायरीचं काम मनाला थोपटून निजवण्याचं नाही. एखादी गोष्ट शंका फिटेपर्यंत उलटसुलट करून पारखायची, ते मनन. म्हणून आज इथे सल विसरायचा प्रयत्न करू नका. त्याला समोर बसवा. त्याच्याशी बोलायला वेळ आहे.

श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या. त्याला लय लावू नका, मोजू नका. मोजणं बरंच झालं आहे.

आकडा

आता तो आकडा मनात आणा. तुम्ही धरलेला आकडा, हुकलेला नव्हे. तो पहिल्यांदा कधी उच्चारलात? कुणाजवळ? की कुणाजवळच नाही?

माझा आकडा चार तासांचा होता. मुंबई मॅरेथॉन, जानेवारीतला रविवार. बेचाळीस किलोमीटर आणि वर १९५ मीटर चार तासांच्या आत संपवायचे, म्हणजे दर किलोमीटर पाच मिनिटं एकेचाळीस सेकंदांत. मी तो पेस स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून ठेवला होता. पाच महिने भाकरी थापताना तो समोर असायचा. साताऱ्यात राहते मी. डिसेंबरच्या पहाटे यवतेश्वरच्या घाटात तोंडातून वाफ निघते. हातमोजे घालून चढायला लागायचं आणि वर पोहोचेपर्यंत ते काढून खिशात जायचे. बत्तीस किलोमीटरचा शेवटचा लाँग रन मी त्या पेसने केला आणि शेवटी दम शिल्लक होता. त्या दिवशी घरी येऊन मी पेन्सिलच्या आकड्यावर पेन फिरवलं.

तुमच्याही आकड्यावर कधीतरी असंच पेन फिरलं असेल. तो क्षण आठवा. इथे थोडं थांबा.

या आकड्याकडे जरा लांबून बघू. मॅरेथॉनचं अंतर ४२.१९५ किलोमीटर हे कुठल्या निसर्गनियमातून आलेलं नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममधल्या शाही आसनासमोर संपली. ते अंतर तेवढं भरलं, आणि १९२१ मध्ये तेच सगळीकडे कायम झालं. तासाची साठ मिनिटं हीसुद्धा माणसाचीच वाटणी. तरीही जगभरातल्या शर्यतींच्या निकालांत चार तासांच्या अगदी अलीकडे धावणाऱ्यांची दाटी दिसते. त्या गोल आकड्याच्या उंबऱ्याआत शिरायला माणसं शेवटच्या किलोमीटरमध्ये जीव काढतात.

यावरून आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पाच महिने पहाटे साडेचारला तोच मला उठवत होता. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर बापाने लिहून दिलेल्या नावाइतका तो आपला असतो. फक्त एवढं लक्षात घ्या की हा आकडा धरताना आपण एक दिवसही धरला होता. गार पहाट, कोरडी हवा, पाठीला हलकं वारं. तो दिवस आपण कागदावर लिहिला नाही, कारण तो उगवेलच असं धरून चाललो होतो.

डोळे मिटून तो न लिहिलेला दिवस बघा. कसा होता?

हवा

आता प्रत्यक्ष उगवलेला दिवस आठवा. घड्याळाने सांगितलेला नको, कातडीने सांगितलेला.

जानेवारीत उत्तरेकडून वारं सुटलं की मुंबईची पहाट गार होते. ते वारं पडलं की समुद्राचा ओलावा शहरावर तसाच बसून राहतो. त्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर हजारो माणसांच्या गर्दीत मी उभी होते आणि वरच्या पताका खाली लोंबत होत्या, एकही हलत नव्हती. शर्यत सुरू व्हायच्या आधीच मानेवर घाम होता. मरीन ड्राइव्हला लागलो तेव्हा अंधार होता. डाव्या हाताला समुद्र असूनही त्याच्याकडून काही येत नव्हतं. दोन-तीन किलोमीटरांत माझा टी-शर्ट पाठीला चिकटला. सी लिंकवर एरवी पायी चालायला परवानगी नसते, म्हणून त्या पुलावरून धावण्याची मी कितीतरी दिवस वाट पाहत होते. तिथे वारं नक्की असणार असं सगळे म्हणत होते. त्या पुलाच्या जाड तारा धुरकट उजेडात उभ्या होत्या आणि आमच्या बुटांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

अर्धं अंतर मी एक तास अठ्ठावन्न मिनिटांत पार केलं. ठरवल्यापेक्षाही थोडं लवकर. मन खूश होतं, छाती मात्र कधीपासून काहीतरी सांगत होती.

छाती काय सांगत होती ते आज शांतपणे ऐकू. धावताना आपण जी ऊर्जा खर्च करतो तिचा साधारण चौथा हिस्सा पुढे जाण्यासाठी लागतो, बाकीची सगळी उष्णता होऊन अंगात साठते. साठ किलो वजनाचं माणूस मॅरेथॉनभर अडीच हजारांच्या आसपास किलोकॅलरी खर्च करतं. म्हणजे अठराशे-एकोणीसशे किलोकॅलरींची धग शरीराला बाहेर टाकायची असते. त्यासाठी शरीराकडे मुख्य उपाय एकच, घाम. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. इथे वाळला हा शब्द महत्त्वाचा. हवेतच ओलावा भरलेला असेल तर घाम वाळत नाही, नुसता गळतो. गळलेला घाम अंगातलं पाणी आणि मीठ नेतो, धग तिथेच राहते.

मग शरीर दुसरी तजवीज करतं. कातडीकडे जास्त रक्त धाडतं, म्हणजे धग बाहेर पडावी. रक्त मात्र तेवढंच असतं, उलट घामामुळे थोडं कमी झालेलं. पायांना हवं ते रक्त आणि कातडीला हवं ते रक्त एकाच साठ्यातून द्यायचं म्हणून हृदय जास्त वेळा ठोके देतं. पेस तोच, ठोके मात्र दर किलोमीटरला चढत जातात. शेवटी मेंदू पायांना आवरतं घ्यायला लावतो.

आवरतं घेणं हा शब्द मनात ठेवा. अठ्ठाविसाव्या-तिसाव्या किलोमीटरला तुमचे पाय जड झाले तेव्हा तुम्ही स्वतःला काय म्हणालात? आळशी? कच्ची? ढिली? मी तर त्याहून वाईट म्हणाले. आता तो क्षण पुन्हा आणा आणि बघा, त्या वेळी तुमचं शरीर तुम्हाला वाचवत होतं. घरातलं एखादं वडीलधारं माणूस बोलत नाही, फक्त गॅसचं बटण बारीक करून जातं, तसं ते करत होतं.

एक हात छातीवर ठेवा. ज्याला त्या दिवशी दूषणं दिली, त्याची क्षमा मागायची असेल तर आता मागा. घाई नाही.

दुसऱ्यांचे दिवस

आपलं दुःख एकट्याचं वाटतं तेव्हा दुसऱ्यांचे दिवस आठवावेत. तुलनेसाठी नव्हे, सोबतीसाठी.

२०१९ च्या सप्टेंबरात दोहाला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. उन्हामुळे महिलांची मॅरेथॉन रात्री बाराच्या ठोक्याला सुरू केली. तरी पारा तिशीच्या वर होता आणि हवेत दमटपणा दाटलेला. ६८ जणी निघाल्या, २८ जणींना मध्येच थांबावं लागलं. केनियाची रूथ चेपनगेटिच जिंकली, २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंदांत. त्याच वर्षी जानेवारीत तिने दुबईला २ तास १७ मिनिटं ८ सेकंदांची वेळ दिली होती. पंधरा मिनिटांहून अधिक फरक, आणि ती जगज्जेती.

त्याच्या आदल्या वर्षी बोस्टनमध्ये नेमकं उलटं झालं. एप्रिलचा महिना, पारा शून्याच्या थोडाच वर, मुसळधार पाऊस आणि समोरून वारा. कितीतरी नामांकित धावपटूंनी शर्यत सोडली. डेझिरी लिंडेन हिलाही सुरुवातीला आपण आज सोडून देणार असं वाटत होतं. सोबतची धावपटू मध्येच थांबली तेव्हा लिंडेन तिच्यासाठी रेंगाळली, मग दोघी पुन्हा पुढच्या घोळक्याला मिळाल्या. शेवटी लिंडेनच जिंकली, २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत. आता हे बघा. २०११ मध्ये याच रस्त्यावर ती २ तास २२ मिनिटं ३८ सेकंदांत धावली होती आणि दोन सेकंदांनी दुसरी आली होती. रस्ता तोच, बाई तीच. सतरा मिनिटं जास्त लागली त्या वर्षी ती पहिली आली.

या दोघींना त्या-त्या दिवसाच्या हवेपासून वेगळं काढून त्यांच्या वेळा फळ्यावर लिहिल्या तर काय वाचाल? घसरण. आणि हवा शेजारी लिहिली तर?

मोठमोठ्या शर्यतींच्या निकालांचा अभ्यासही हेच सांगतो. पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा मॅरेथॉनमधल्या २००१ ते २०१० या वर्षांच्या सुमारे अठरा लाख धावपटूंच्या वेळा तपासल्या तेव्हा हवेशी निगडित गोष्टींत वेगावर सगळ्यांत जास्त परिणाम करणारी गोष्ट तापमान निघाली. पहिला आणि शेवटचा, सगळे त्या एकाच हवेत धावतात.

थोडं थांबा. तुमच्या शेजारून त्या दिवशी कोण धावत होतं ते आठवा. त्या अनोळखी माणसाचीही एखादी वेळ हुकली असेल. त्याच्यासाठी मनात थोडी जागा करा.

अण्णांचा प्रश्न

मला चार तास एकोणीस मिनिटं लागली. एकोणीस मिनिटं म्हणजे दर किलोमीटरमागे सत्तावीस सेकंद. गाडीत बसल्यावर मी हा भागाकार केला आणि रात्रभर तो आकडा उगाळत राहिले. पदक बॅगेत सर्वांत खाली होतं. साताऱ्यात जो भेटला त्याने एकच विचारलं, "टायमिंग किती आलं?" मी सांगायचे आणि लगेच विषय बदलायचे.

आठवड्याने माहेरी गेले. माण तालुक्यातलं गाव आमचं. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो. शाळू दाण्यात भरत होता, माझे वडील, अण्णा, बांधावर बसले होते. मी शेजारी बसले. त्यांना धावण्यातलं काही कळत नाही असं मला वाटायचं.

"पळालीस का समदं?" त्यांनी विचारलं.

"पळाले. पण ठरवलेल्या वेळेत नाही झालं."

ते थोडा वेळ कणसांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हवा कशी हुती?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. पडलेलं वारं, चिकट पहाट, माहीम सोडल्यावर अंगावर आलेलं ऊन. ते ऐकत होते, जसं ते पावसाच्या दिवसांबद्दल ऐकतात तसं, मध्येच एखादा प्रश्न विचारत. "सुरवातीपास्नं, का मागनं?" "गार वाऱ्याची झुळूकबी न्हाई?" सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "मग सा आण्याचं साल म्हण की. सा आण्याच्या सालात तू धा आणं काढलंस. वाईट काय झालं?"

आणेवारी. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, आणि यंदा गावात किती आलं ते त्या मापाने सांगायचं. सरकारी कागदावर आता पैसेवारी म्हणतात, आणि ती पन्नास पैशांच्या खाली गेली की साल टंचाईचं धरण्याची रीत आहे. गावातले जाणते मात्र अजून आण्यांतच बोलतात. त्या मोजणीत एक शहाणपण आहे, ते मला त्या दिवशी बांधावर बसून कळलं. कुणाच्या शेतात किती पिकलं हे बोलण्याआधी गाव साल बोलतं. साल किती आण्यांचं होतं ते एकदा ठरलं, की मग माणसाच्या कष्टाचं मोल करता येतं. साल न विचारता पोती मोजणाऱ्याला शेतकरी शहाणा म्हणत नाही.

तेव्हा आता तुमच्या दिवसाची आणेवारी काढा. अगदी सावकाश. पहाटे गारवा होता का? वारं कुठून होतं? ओलावा किती? ऊन कितव्या किलोमीटरला लागलं? सावली कुठे संपली? पाऊस असेल तर बूट कधी भिजले, बोटं कधी बधिर झाली? यातलं एकही उत्तर स्वतःच्या बाजूने झुकवू नका आणि विरुद्धही झुकवू नका. गावकीत बसलेला म्हातारा जसा बोलतो तसं बोला. साल सहा आण्यांचं असेल तर सहा म्हणा. बाराचं असेल तर बारा म्हणा.

आकडा नक्की मिळाला नाही तरी चालेल. नजर त्या बाजूला वळली, तेवढं पुरे.

आपला वाटा

इथे मनाचा एक सापळा आहे, त्याच्याजवळ थांबून जाऊ. हवेवर सगळं टाकलं की हलकं वाटतं. तो हलकेपणा दोन दिवस टिकतो. सहा आण्यांच्या सालातही ज्याने वापसा नसताना पेरलं त्याचं बियाणं वाया गेलेलं असतं, आणि ते त्याला ठाऊक असतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. कर्ता त्या पाचांतला एक. आणि तिथेच पुढे म्हटलं आहे की केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही. मी हे कितीदा तरी ऐकलं होतं, पण नेहमी यश मिळाल्यावर नम्र राहण्यासाठी. अपयशालाही ते तितकंच लागू आहे हे ध्यानात आलं नव्हतं. हुकलेल्या वेळेचीही मी एकटी कर्ती नाही. पाचातला एक हिस्सा मात्र माझा आहे, आणि तो मला नाकारताही येत नाही.

माझा हिस्सा मी असा मोजला. मी साताऱ्याच्या गार, कोरड्या हवेत तयारी केली. दमट उकाड्याला सरावायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. त्या दिवसांत घाम लवकर सुटायला शिकतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. मी शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मुंबईत उतरले. हा झाला एक वाटा. दुसरा असा की पताका लोंबताना मी पाहिल्या होत्या, मानेवरचा घाम मला कळला होता, तरी पाच एकेचाळीस सोडायला मन तयार झालं नाही. दर किलोमीटरला पंधरा सेकंद सुरुवातीलाच सोडले असते तर पुढची कितीतरी मिनिटं वाचली असती. आणि तिसरा, पहिल्या दोन पाण्याच्या टेबलांवर गर्दी होती म्हणून मी न थांबता पुढे गेले.

तीन वाटे. मी ते मोठ्याने म्हटले, स्वयंपाकघरात, कुणी नसताना. नवल असं की म्हटल्यावर भार वाढला नाही. सगळा दोष अंगावर घेतला होता तेव्हा त्याला आकार नव्हता. आता त्याला तीन कडा होत्या, आणि पुढच्या वेळी त्या तिन्हींचं काहीतरी करता येणार होतं.

आता तुम्ही. तुमचे वाटे किती? दोन असतील, चार असतील. एकेक म्हणा. म्हणून झाला की हात उघडा ठेवा, मूठ वळू नका. एकही वाटा सापडला नाही तरी तेही खरं असू शकतं. काही दिवस सगळं बरोबर करूनही हुकतात. तसं असेल तर तेही शांतपणे मान्य करा.

उरलेले किलोमीटर

आता सगळ्यांत हळू चालायचं आहे.

एक क्षण असा आला असेल जेव्हा तुम्हाला कळलं की आता ती वेळ येत नाही. कुणाला घड्याळावरून, कुणाला पायांवरून. मला तो एकतिसाव्या किलोमीटरला कळला. चार तासांची पताका पाठीवर लावलेला पेसर आणि त्याच्यामागचा घोळका माझ्या शेजारून पुढे गेला. त्यात माझ्या वयाची एक बाई होती. तिने माझ्याकडे बघून हाताने 'चल' अशी खूण केली. मी तीसेक पावलं तिच्यासोबत गेले आणि सुटले. ती पताका वळणापर्यंत दिसत राहिली.

त्यानंतर अकरा किलोमीटर होते.

या अकरा किलोमीटरांकडे मी कित्येक दिवस पाहिलंच नव्हतं. माझ्या हिशेबात शर्यत त्या वळणावर संपली होती. अण्णांशी बोलल्यानंतर मी ते पुन्हा चालून आले, मनाने. पोटरीत गोळा आला तो कुठल्या झाडाखाली, तिथे एका पोराने माझी टाच धरून पाय ताणून दिला ते. परतीच्या पेडर रोडच्या चढावर मी पहिल्यांदा चालले ते. त्या चढावर एका इमारतीच्या दाराशी उभ्या असलेल्या आजींनी सोललेल्या संत्र्याच्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या. बर्फाचा एक खडा कुणीतरी दिला, तो मी मानेवर धरला आणि वितळेपर्यंत पळाले. मिळवायचं काही उरलं नव्हतं. चार तासांत संपवण्यासाठी पळणारी बाई केव्हाच पुढे निघून गेली होती. मग कोण पळत होतं?

हा प्रश्न तुमच्यासाठीही आहे. वेळ हातातून गेल्यावर जे पाऊल पडलं, ते कशासाठी पडलं? लगेच उत्तर देऊ नका. त्या एका पावलाजवळ जाऊन उभे राहा. बुटात पाणी असेल. मिठाचे पांढरे ओरखडे कपाळावर असतील. ते पाऊल कुणाला दाखवायला नव्हतं, त्याची नोंद कुठल्या निकालपत्रात नाही.

मला जे उत्तर मिळालं ते असं. पाच महिने मी चार तासांसाठी पळत होते असं मला वाटत होतं. त्या अकरा किलोमीटरांत चार तास नव्हते तरी पळणं होतं. म्हणजे पळण्याला आधार दुसऱ्याच कशाचा तरी होता, आणि तो मी कधी तपासून पाहिलाच नव्हता. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला गेल्यावर आतला झरा कुठून फुटतो ते दिसतं, तसं झालं. चांगल्या सालात झरा दिसत नाही, पाणी वरपर्यंत असतं.

तुमचं उत्तर वेगळं असेल. ते शब्दांत आलं नाही तरी असू द्या. इथे हवा तेवढा वेळ बसा.

नोंद

आमच्या माहेरच्या घरात कणगीमागच्या भिंतीवर आजोबांनी कोळशाने सालं लिहून ठेवली आहेत. साल, शेजारी पोती, आणि त्याच्या शेजारी पाऊस कसा झाला ते एक-दोन शब्दांत. 'वेळेवर.' 'उशिरा.' 'हस्त चांगला.' घर तीनदा सारवलं-रंगवलं गेलं, तेवढी भिंत सोडून. त्यात १९७२ चं साल आहे. पोत्यांच्या जागी आजोबांनी पूज्य काढलंय आणि शेजारी लिहिलंय, 'पाऊस नाही.' खाली पुढचं साल आहे, त्याच हाताने लिहिलेलं.

त्या पूज्यासमोर मी त्या माहेरच्या भेटीत खूप वेळ उभी राहिले. लहानपणापासून ते तिथे होतं. कुणी कधी ते पुसलं नाही, कुणी त्याची लाजही बाळगली नाही, कारण त्याच्या शेजारचे दोन शब्द कुणी पुसले नव्हते.

आता डोळे उघडा. वही किंवा कागद जवळ घ्या. तुमची वेळ लिहा, तास, मिनिटं, सेकंद, एकही न गाळता. तिच्या शेजारी त्या दिवसाची हवा लिहा, दोन-तीन शब्द पुरेत. मग तुमचे वाटे लिहा. शेवटी, वेळ हातातून गेल्यावर तुम्ही किती किलोमीटर धावलात तो आकडा लिहा. माझ्या कॅलेंडरवर पाच एकेचाळीसच्या खाली आता एक ओळ आहे: '४:१९. वारं पडलेलं, चिकट हवा. मुंबईत उशिरा पोहोचले, पेस धरून बसले, पाणी चुकवलं. पुढे अकरा.'

लिहून झालं की कागदाकडे एकदा बघा. यातली एकही गोष्ट बाजूला काढली तर उरलेली खोटी होते. सगळ्या मिळून तो तुमचा दिवस होतो.

पालथं ठेवलेलं घड्याळ सरळ करा. आत्ता किती वाजले ते बघा, तेवढंच. मग हळूच उठा. गुडघे कुरकुरतील, त्यांना वेळ द्या. दाराबाहेर जा आणि क्षणभर उभे राहून आजची हवा कशी आहे ते बघा.